रोडावलेला कुत्रा अंग कसे धरेल?

"दोन्ही वेळा पोटभर खातो, पण अंगाला लागत नाही." कुत्रा घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात येणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य नेहमीच असते. त्यापाठोपाठ दुसरा प्रश्नही ठरलेला असतो, "कच्चे मांस सुरू करू का? लवकर अंग धरेल म्हणतात." तिसरा प्रश्न शाकाहारी घरांतून येतो. घरात मांस शिजत नाही, मग कुत्र्याला काय घालावे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून आज त्यांचा एकत्रच विचार करू.

कुत्रा खरोखरच रोड आहे का?

आधी हे पाहावे. प्रत्येक सडपातळ कुत्रा उपाशी नसतो. आपल्याकडचा कारवान किंवा मुधोळ जातीचा कुत्रा मुळातच शिडशिडीत असतो. त्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणे हे त्याच्या बांध्यातच आहे. असा कुत्रा भरीव दिसावा म्हणून त्याला तूप-साखर चारणे म्हणजे शर्यतीच्या बैलाचे पोट सुटावे म्हणून खटपट करण्यासारखे आहे. याउलट अल्सेशियन किंवा दाट केसांच्या इतर कुत्र्याची हाडे वर आली तरी केसांखाली ती झाकून जातात आणि महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाहीत. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये, हाताने पाहावे.

पद्धत सोपी आहे. आपल्या एका हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटे मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या हाताला अशा टोचत असतील तर तो रोड आहे. आता मूठ उघडून हात पालथा ठेवा आणि बोटांच्या मागच्या हाडांवरून बोटे फिरवा. बरगड्या अशा लागत असतील, म्हणजे हाड कळते पण वर पातळसा थर आहे, तर कुत्र्याची प्रकृती योग्य आहे. तळहातासारखे गुबगुबीत लागले तर वजन जास्त आहे. याशिवाय कमरेची हाडे, पाठीच्या कण्याचे मणके आणि मांड्या पाहाव्यात. मणके एकेक मोजता येत असतील आणि मांडीचे मांस झडले असेल, तर नुसती चरबीच नव्हे, स्नायूही गेले आहेत असे समजावे.

पशुवैद्यक यासाठी १ ते ९ अशी गुणपद्धत वापरतात. अमेरिकेतील डॉ. लाफ्लाम यांनी ती १९९७ मध्ये कुत्र्यांवर पडताळून प्रसिद्ध केली. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अतिलठ्ठ आणि ४ ते ५ म्हणजे योग्य. ३ किंवा त्याखाली असलेल्या कुत्र्याची आज चर्चा करावयाची आहे.

वजनाचा काटा घरात असेल तर कुत्र्याला उचलून घेऊन काट्यावर उभे राहावे, मग एकट्याचे वजन करून ते वजा करावे. आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवावा. पुढे सर्व हिशेब त्यावरच करायचा आहे.

खाणे वाढवण्याआधी कारण शोधा

गळक्या हंड्यात पाणी ओतून हंडा भरत नाही. अंगाला न लागण्याचे कारण पोटात असेल, तर कितीही चारले तरी ते वाया जाते.

पहिले कारण जंत. आपल्या हवामानात कुत्र्यांमध्ये अंकुशकृमी आणि गोलकृमी फार आढळतात. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. अशा कुत्र्याच्या हिरड्या पांढुरक्या पडतात, शी काळपट होते आणि तो लवकर दमतो. लहान पिल्लू तर यामुळे दगावूही शकते. पिल्लाचे पोट नगाऱ्यासारखे आणि बाकी अंग काडीसारखे असेल, तर जंतांचाच संशय घ्यावा. औषध वजनाप्रमाणे द्यावे लागते आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावे लागते. पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याने आणि दोन महिन्यांनंतर महिन्यातून एकदा, सहा महिन्यांचे होईपर्यंत द्यावे. मोठ्या कुत्र्याला सर्वसाधारणपणे तीन महिन्यांतून एकदा द्यावे.

दुसरे कारण गोचीड. गोचिडांमधून रक्ताचे आजार होतात. ताप येऊन जातो, कुत्रा खाणे सोडतो, हिरड्या फिकट होतात, कधी नाकातून रक्त येते, कधी लघवी लालसर-तपकिरी होते. हा आजार रक्ततपासणीत कळतो आणि वेळेवर उपचार केल्यास कुत्रा बरा होतो. पिसवाही दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. कुत्र्याच्या एका जातीच्या पट्टकृमीची लागण पिसू गिळल्यानेच होते.

तिसरे कारण तोंड. किडलेला किंवा हलणारा दात, सुजलेली हिरडी, टाळूत अडकलेले हाड. कुत्रा भांड्यापाशी येतो, हुंगतो, एक घास घेतो आणि मागे सरतो. मालकाला वाटते नखरे करतो आहे, पण त्याला चावताच येत नसते.

चौथे कारण पचनाचे. काही कुत्रे, विशेषतः अल्सेशियन, अधाश्यासारखे खातात तरी वाळत जातात, आणि शी मात्र ढीगभर, फिकट, तेलकट असते. यात स्वादुपिंडातून पाचक रस येत नसतो. त्यावर पाचक रसांची पूड अन्नात मिसळून आयुष्यभर द्यावी लागते. याशिवाय मूत्रपिंडाचे विकार, मधुमेह, हृदयविकार आणि गाठी हीसुद्धा कारणे असतात, ती जास्त करून उतारवयात.

शेवटचे कारण साधे आहे, पण नेहमी विसरले जाते. व्यालेल्या, पिल्ले अंगावर पिणाऱ्या कुत्रीला नेहमीच्या दुप्पट ते तिप्पट, पिल्ले पुष्कळ असतील तर त्याहूनही जास्त खाणे लागते. तिला एरवीइतकीच भाकरी घातली, तर ती स्वतःची हाडे झिजवून दूध देते.

म्हणून पहिली पायरी दवाखान्याची. काडेपेटीएवढ्या स्वच्छ डबीत कुत्र्याची ताजी शी घेऊन जावी. तपासणीस वेळ लागत नाही आणि अर्ध्याहून अधिक कोडे तेथेच सुटू शकते.

सावधान : जबडा लोंबला असेल तर

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. कुत्र्याने अचानक खाणे-पिणे सोडले, तोंडातून लाळ गळते, खालचा जबडा लोंबतो, आवाज बदलला आहे, अशी लक्षणे असतील तर "घशात हाड अडकले असेल" म्हणून तोंडात हात घालू नये. पिसाळण्याच्या रोगाचा एक प्रकार असाच मुका असतो. यात कुत्रा चवताळत नाही, चावायला धावत नाही, फक्त गिळू शकत नाही. लाळ ओरखड्याला लागली तरी धोका असतो. कुत्र्याला एकटे बंद करून पशुवैद्यकांना कळवावे. लाळ लागली किंवा दात लागला असल्यास ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. पिसाळण्याची लक्षणे माणसात दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही.

उपाशी कुत्र्याला एकदम पोटभर घालू नये

रस्त्यावरचा, हाडांचा सापळा झालेला कुत्रा दया येऊन कोणी घरी आणतो आणि पहिल्याच दिवशी पातेलेभर दूधभात त्याच्यापुढे ठेवतो. हेतू चांगला, परंतु यात कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. १९४५ मध्ये दुसरे महायुद्ध संपताना छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हेच पाहिले होते. अनेक दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम भात-साखर गेली की रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम यांसारखे क्षार झपाट्याने पेशींत ओढले जातात, रक्तातले प्रमाण एकदम घसरते आणि हृदय व श्वास बंद पडण्याची वेळ येते.

अशा कुत्र्याला पहिल्या दिवशी त्याच्या मूळ गरजेच्या फक्त चौथा हिस्सा द्यावा. आठ किलोच्या सापळा झालेल्या कुत्र्याला हे प्रमाण दिवसभरात साधारण एका उकडलेल्या अंड्याएवढे होते. तेही चार-पाच वेळा विभागून द्यावे. भातापेक्षा अंडे, शिजवलेले मऊ मांस यांवर भर द्यावा. पाणी मात्र सतत ठेवावे. मग रोज थोडे थोडे वाढवत आठवड्याभरात पूर्ण प्रमाणावर यावे. शक्य असेल तर हा आठवडा पशुवैद्यकांच्या देखरेखीखालीच जावा.

दूध-पोळीचा हिशेब

आपल्याकडे कुत्र्याचे ठरलेले जेवण म्हणजे दूध-पोळी किंवा ताक-भाकरी. पोट भरते, पण अंग का धरत नाही ते आकड्यांत पाहू. १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला किमान ३५ ते ४० ग्रॅम प्रथिने हवीत. वाळलेल्या कुत्र्याला गेलेले स्नायू भरून काढायचे असतात, त्याला त्याहून जास्त. एक पेला दूध आणि तीन पोळ्या यांतून मिळतात साधारण १६-१७ ग्रॅम. म्हणजे निम्मीही नाहीत. शिवाय मोठ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दुधातील साखर पचत नाही आणि पोट बिघडते. दह्याचा किंवा ताकाचा त्रास कमी होतो.

याचा अर्थ भाकरी वाईट असा नव्हे. कुत्रा हा लांडग्याचा वंशज असला तरी माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षे राहून त्याचे पोट बदलले आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या रसाची जनुके कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. चांगली शिजलेली भाकरी आणि भात कुत्र्याला पचतो. फक्त ती जेवणाची एक बाजू आहे, संपूर्ण जेवण नव्हे.

किती घालावे?

कुत्र्याचे सध्याचे नव्हे, तर जे वजन असायला हवे ते धरावे. त्या किलोंना ३० ने गुणून ७० मिळवावेत. ही झाली नुसते पडून राहण्यासाठी लागणाऱ्या उष्मांकांची संख्या. तिला १.६ ने गुणले की साधारण रोजची गरज मिळते.

समजा, तुमच्या मोत्याचे वजन १२ किलो आहे आणि ते १५ असायला हवे. १५ गुणिले ३० म्हणजे ४५०, अधिक ७० म्हणजे ५२०. याच्या १.६ पट म्हणजे सुमारे ८३० उष्मांक. घरच्या पदार्थांतून ते असे भरतात :

- बिनहाडाचे कोंबडीचे मांस, थोडी कातडी-चरबी ठेवून, कच्चे असताना २०० ग्रॅम : सुमारे ३०० उष्मांक
- तांदूळ ७५ ग्रॅम (मऊ भात करून) किंवा तेवढ्याच ज्वारीच्या पिठाची भाकरी : सुमारे २६०
- एक उकडलेले अंडे : ७०
- कोंबडीची कलेजी, शिजवून, २० ग्रॅम : २५
- लाल भोपळा किंवा गाजर, शिजवून कुस्करून, ५० ग्रॅम : १५
- दही १०० ग्रॅम : ६०
- तेल दोन चहाचे चमचे : ९०

एकूण सुमारे ८२० उष्मांक आणि ५५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने. हे दिवसाचे आहे. रोड कुत्र्याचे पोट आकसलेले असते, म्हणून त्याचे तीन किंवा चार भाग करून द्यावेत. सध्याच्या खाण्यावरून नव्या खाण्यावर एकदम जाऊ नये, सात दिवसांत थोडे थोडे बदलत जावे. पहिल्या आठवड्यात तेल घालूच नये. नंतर अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करावी. "लवकर वजन वाढावे" म्हणून वाटीभर तूप किंवा मटणाची चरबी घातली, तर उलट्या-जुलाब होतात आणि स्वादुपिंडाला सूज येऊन प्रकरण जिवावर बेतते.

कलेजी पौष्टिक खरी, पण तीत अ जीवनसत्त्व भरपूर असते. स्वस्त मिळते म्हणून रोज पाव किलो कलेजी घालणे योग्य नाही. वर दिलेले प्रमाण पुरेसे आहे.

शाकाहारी घरात २०० ग्रॅम मांसाच्या जागी ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीनच्या वड्या भिजवून-शिजवून आणि ५० ग्रॅम पनीर द्यावे. उष्मांक आणि प्रथिने जवळपास तेवढीच भरतात. अंडे चालत असेल तर ठेवावे. कलेजी नसल्यामुळे जीवनसत्त्वांची पूड देणे अधिक गरजेचे ठरते. कुत्रा असा राहू शकतो. मांजर मात्र राहू शकत नाही, हे ओघाने सांगितले पाहिजे.

चुन्याचा प्रश्न

नुसते मांस-भात घालणाऱ्यांकडून सर्वांत मोठी चूक होते ती कॅल्शियमच्या बाबतीत. मांसात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम नगण्य असते. ही तफावत भरून काढण्यासाठी शरीर हाडांतले कॅल्शियम ओढून घेते. वाढत्या पिल्लात याचा परिणाम लवकर दिसतो. पाय वाकतात, पिल्लू लंगडते, साध्या उडीने हाड मोडते.

मोठ्या कुत्र्यासाठी घरगुती उपाय अंड्याच्या टरफलाचा आहे. टरफले धुऊन, पाण्यात उकळून, वाळवून, मिक्सरमधून पिठासारखी बारीक करावीत आणि वस्त्रगाळ करून ठेवावीत. वरील प्रमाणाच्या जेवणात रोज अर्धा चहाचा चमचा पूड पुरते. त्यातून साधारण १ ग्रॅम कॅल्शियम मिळते. आयोडीनयुक्त मीठ फक्त चिमूटभर घालावे. पिल्लांसाठी मात्र हा अंदाजपंचे हिशेब करू नये. त्यांची गरज मोठी असते, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांना कॅल्शियम कमी पडणे जितके वाईट तितकेच जास्त होणेही वाईट. पिल्लांना तयार खाद्य किंवा पशुवैद्यकांनी वजनावरून लिहून दिलेला आहार द्यावा.

घरचे अन्न ताजे आणि चवीचे असते यात शंका नाही. पण ते आपोआप पूर्ण असते असे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती आहाराच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता. जस्त, ड आणि ई जीवनसत्त्वे यांची तूट नेहमीची. आठ-दहा आठवडे वजन भरून येईपर्यंत वरील आहार चालेल. पण तो कायमचा करावयाचा असेल तर जीवनसत्त्वे व क्षारांची कुत्र्यांसाठीची पूड पशुवैद्यकांना विचारून जोडलीच पाहिजे. ज्यांना परवडते त्यांनी निम्मे तयार खाद्य आणि निम्मे घरचे असे केले तरी चालते.

कच्चे मांस : समज आणि वस्तुस्थिती

कच्च्या मांसाची आणि कच्च्या हाडांची ही कल्पना ऑस्ट्रेलियातून पसरली. तेथील पशुवैद्यक इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये यावर पुस्तक लिहिले आणि पुढे अनेक देशांत ती लोकप्रिय झाली. कच्चे खाणारे कुत्रे तुकतुकीत दिसतात, शी कमी करतात, अंग धरतात, असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात. यात काही अंशी तथ्य आहे. परंतु त्याचे श्रेय कच्चेपणाला नाही. अशा आहारात मांस आणि चरबी भरपूर असते, आणि दूध-पोळीवरून मांसावर आलेला कुत्रा अंग धरणारच. तेवढेच मांस उकडून, त्याच्या पाण्यासकट दिले तरी हाच लाभ होतो.

तोटे मात्र कच्चेपणाचेच आहेत. कच्च्या मांसात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जंतू असू शकतात. धडधाकट कुत्र्याला त्यांचा त्रास झाला नाही तरी त्याच्या शीतून आणि तोंडातून ते घरात पसरतात. वाळलेल्या कुत्र्याची तर प्रतिकारशक्तीच कमी झालेली असते. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये कच्चे मांस चारण्याच्या विरोधात भूमिका घेतली ती याच कारणासाठी. मांस बर्फात ठेवले म्हणजे जंतू मरतात हाही गैरसमज आहे. साल्मोनेला थंडीत फक्त झोपतो.

आपल्या भागात याहून मोठा धोका आहे तो पट्टकृमीचा. बकरी, मेंढी, म्हैस यांच्या फुफ्फुसात किंवा काळजात कधी कधी पाण्याने भरलेले पांढरट फोड दिसतात. खाटीक तेवढा भाग कापून टाकतो. जत्रेत किंवा घरच्या कार्यात बकरे कापले की असा भाग दारच्या कुत्र्यापुढे टाकला जातो. त्या फोडात एका चिमुकल्या पट्टकृमीची हजारो बीजे असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे कृमी होतात. कुत्रा धड दिसतो, पण त्याच्या शीतून अंडी बाहेर पडतात आणि त्याच्या केसांनाही चिकटतात. मूल कुत्र्याला कुरवाळते, त्याच हाताने खाते, आणि अंडी पोटात जातात. माणसाच्या काळजात किंवा फुफ्फुसात मग तसाच फोड हळूहळू, काही वर्षे, वाढत राहतो. तो नारळाएवढा होईपर्यंत कधी कधी पत्ताही लागत नाही. अनेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते आणि फोड आत फुटला तर जिवाला धोका असतो.

आइसलंडमध्ये एके काळी हा रोग घरोघर होता. कुत्र्यांना कच्चे अवयव घालू नयेत, एवढी शिकवण आणि कुत्र्यांना जंताचे औषध यांच्या जोरावर त्या देशाने तो नाहीसा केला. न्यूझीलंडने १९५९ मध्ये कायदा करून तीच वाट धरली आणि २००२ मध्ये तो देश या रोगातून तात्पुरता मुक्त झाल्याचे जाहीर झाले. हे दोन्ही मेंढपाळांचे देश. त्यांना जमले ते आपल्याला न जमण्याचे कारण नाही. फोड असलेला भाग खोल पुरावा किंवा जाळावा. काळीज, फुफ्फुस वगैरे कुत्र्याला द्यायचे असल्यास लहान तुकडे करून, पाण्याला उकळी फुटल्यावर निदान अर्धा तास शिजवावे. कुत्र्याला पट्टकृमीवरचे प्राझिक्वाँटेल हे औषध पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वेळोवेळी द्यावे.

हाडांबद्दलही थोडे. शिजवलेले हाड ठिसूळ होते आणि त्याचे अणकुचीदार तुकडे पडतात. कोंबडीच्या तंगडीचे हाड तर विशेषच. ते घशात किंवा आतड्यात रुततात. कच्चे हाड कमी फुटते, पण दात मोडतात आणि आतड्यात बोळा बसतो. हाडांचा रस हवा असेल तर हाडे उकळून पाणी द्यावे आणि हाडे फेकून द्यावीत. कच्चे अंडे रोज देऊ नये, त्यातील कच्चा पांढरा बलक एका जीवनसत्त्वाला अडवून ठेवतो. ते उकडावे.

भांड्यात कधीही पडू नये असे

- कांदा आणि लसूण. यांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. म्हणून उरलेला मटणाचा रस्सा कुत्र्याला पौष्टिक नव्हे. मांस वेगळे, बिनमसाल्याचे शिजवावे.
- द्राक्षे आणि बेदाणे. यांनी मूत्रपिंडे निकामी होतात. बागाईतदार मंडळींनी विशेष लक्ष द्यावे. हा दोष टार्टारिक आम्लाचा असावा, असे अलीकडच्या काही वर्षांत पुढे आले आहे. चिंचेत हेच आम्ल भरपूर असल्याने चिंच आणि चिंचेची आमटीही टाळावी.
- चॉकलेट, चहा, कॉफी, आणि ज्यांत झायलिटॉल आहे असे बिनसाखरेचे पदार्थ.
- बुरशी आलेली भाकरी, मका किंवा शेंगदाणे. "कुत्र्याला चालते" म्हणून टाकलेल्या बुरशीतील विष कुत्र्याचे काळीज खराब करते.
- माणसाच्या ताप-दुखीच्या गोळ्या. काही गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होतो.

वजन वाढवण्याच्या नावाखाली मिळणाऱ्या इंजेक्शनांचा आग्रहही डॉक्टरांकडे धरू नये. सुईने भूक वाढते, कधी अंगात पाणी भरून गोल दिसते. मांस अन्नानेच येते.

वाट किती पाहावी?

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी खाण्याआधी वजन करावे. १२ किलोच्या कुत्र्याचे आठवड्याला सव्वाशे ते अडीचशे ग्रॅम वजन वाढले तर ते उत्तम समजावे. म्हणजे तीन किलो भरायला तीन ते साडेपाच महिने लागतील. दोन आठवडे वजन जागचे हलले नाही तर खाणे दहा टक्क्यांनी वाढवावे. एवढे करूनही महिन्याभरात काटा ढळला नाही, किंवा जुलाब, उलट्या सुरू झाल्या, तर कारण अजून सापडलेले नाही असे समजून पुन्हा दवाखाना गाठावा. रोज सकाळ-संध्याकाळ थोडे चालवावे. नुसत्या खाण्याने चरबी येते, स्नायू चालण्याने येतात. कुत्र्याचे भांडे रोज साबणाने धुवावे. उन्हाळ्यात ओले अन्न अर्ध्या तासाहून अधिक भांड्यात राहू देऊ नये. कुत्र्याची शी अंगणात न ठेवता रोज पुरावी, आणि मुलांना कुत्र्याशी खेळून आल्यावर हात धुण्याची सवय लावावी.

दारातला कुत्रा आपल्या उष्ट्यावर जगतो म्हणून त्याच्या खाण्याचा विचार करण्याचे कारण नाही, असे मानणारी घरे अजून पुष्कळ आहेत. पण तो काय खातो, याचा संबंध अंगणात रांगणाऱ्या मुलाच्या काळजाशी आणि फुफ्फुसाशी कसा येतो, ते वर पाहिलेच. त्याला शिजवलेले दोन घास जास्त घालावेत, वेळेवर जंताचे औषध द्यावे आणि कच्चे अवयव त्याच्यापासून दूर ठेवावेत. त्याचे अंग भरेल आणि घरही निर्धास्त राहील.